सर्व्हरला ठेवलेलं नाव

आमच्या कारखान्यात सर्व्हर स्त्रीलिंगी होता. व्याकरणाची चूक आहे, मला कळतं. बाकी सगळ्या जगात सर्व्हर बंद पडतो, तापतो, अडकतो. तळेगावच्या आमच्या कारखान्यात मात्र ती दमायची, ती रुसायची, आणि महिनाअखेरीला सगळे एकदम तिच्या अंगावर तुटून पडले की ती जरा वेळ गप्प बसायची. हिशेब खात्यातले मिशीवाले साहेबसुद्धा फोन करून विचारायचे, ती उठली का. नव्या माणसाला वाटायचं, कुणा आजारी बाईची चौकशी चालली आहे.

याचं कारण तिचं नाव. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक नाव द्यावं लागतं, त्याला होस्टनेम म्हणतात. आमच्या ॲप्लिकेशन सर्व्हरला, म्हणजे ज्या एका यंत्रावर गेटपासपासून पगारापर्यंत कारखान्याचा सगळा कारभार चालायचा त्याला, एका मुलीचं नाव होतं. साधं, घरगुती, प्रत्येक आळीत एखादी तरी असतेच असं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. ते कुणाचं होतं हे कळल्यावर माझ्या तोंडून सहज म्हणून ते कधी निघालंच नाही.

नाव ठेवलं होतं आमच्या सरांनी. संगणक विभाग म्हणजे ते आणि मी, एवढीच आमची प्रजा. सर निवृत्तीला टेकलेले, सावकाश बोलणारे, पण कामाच्या बाबतीत कुणाच्या बापाला न भिणारे. मी लोणावळ्याची, सासर-माहेर दोन्ही तिथलंच, आणि तोंडाने फटकळ. आमचं बरं जमायचं.

एक यंत्र दुसऱ्याला नेटवर्कवरून 'आहेस का?' असं विचारतं, त्याला पिंग म्हणतात. मी नवीन लागले तेव्हा सरांनी मला ते त्यांच्या पद्धतीने शिकवलं. म्हणाले, "पिंग म्हणजे हाक. उत्तर आलं की समजायचं, तिनं ओ दिली. ओ आली नाही तर आधी घाबरायचं नाही, वायर बघायची." ही भाषा त्यांनी कारखान्यातल्या प्रत्येकाला लावली होती. स्टोअरमधून फोन यायचा तो 'ती ओ देत नाही' असाच यायचा. कोणी इंग्रजी शब्द वापरलाच तर तो बाहेरचा माणूस आहे हे ओळखू यायचं.

नावावरून आम्ही सरांना चिडवायचो. कुणीतरी कॉलेजातली असणार, अशी एकूण कारखान्याची खात्री होती. सर नुसते हसायचे. प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीतली पोरं येऊन सर्व्हरविषयी त्यांना काही शिकवायला लागली की मात्र ते म्हणायचे, "मला सांगू नका. तिच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी." त्यावर आम्ही सगळे हसायचो. त्या हसण्यात सरही असायचे, म्हणून कधी शंका आली नाही.

मग आमचा कारखाना एका मोठ्या कंपनीनं विकत घेतला. गेटवरची पाटी बदलली, गणवेशाचा रंग बदलला, कँटीनच्या चहातली साखर कमी झाली. त्यानंतर मुख्य कार्यालयाकडून फर्मान आलं की सगळ्या कारखान्यांतल्या सर्व्हरांची नावं एकाच साच्यातली हवीत. शहराची अक्षरं, कारखान्याची अक्षरं, कामाची अक्षरं आणि शेवटी शून्य एक. वाचायला गेलं तर शिंक अडकल्यासारखं व्हायचं. नावाबरोबर आयपी ॲड्रेसही बदलायचा होता. आमच्याकडे गावात शेताला गट नंबर असतो आणि माणसं त्याला 'आंब्याखालचं' किंवा 'ओढ्याकाठचं' म्हणतात, तसंच हे आहे. नाव माणसांसाठी आणि नंबर यंत्रांसाठी. आता दोन्ही बदलायचं, म्हणजे तिला जुन्या खुणेने शोधत येणाऱ्या प्रत्येकाला नवी खूण सांगायची. स्टोअर, पगार, गुणवत्ता तपासणी, लेबलं छापणारी यंत्रं, सगळ्यांकडे जाऊन. वेळखाऊ काम, अवघड नव्हे.

पण सरांनी ते पुढे ढकलायला सुरुवात केली. आधी महिनाअखेर आली. मग स्टॉक मोजणी आली. मग म्हणाले, गौरी-गणपतीत कशाला हात लावायचा, काही बिघडलं तर माणूस मिळायचा नाही. मग नवरात्र. वरून येणारे फोन माझ्यावर आदळत होते. तिकडचा एक शांत, गोड आवाज रोज विचारायचा की झालं का, आणि त्या गोडपणानंच माझं डोकं फिरायचं. तरी मी सरांसाठी खोटं बोलत राहिले. शेवटी दिवाळीच्या तोंडावर तो आवाज म्हणाला की तुम्हाला जमत नसेल तर आम्ही इथूनच आमच्या माणसाकडून करून घेतो. मी फोन ठेवला आणि तशीच सरांच्या टेबलाशी गेले.

मी म्हणाले, "सर, नाव बदलायचंय. पोर दत्तक द्यायची नाहीये."

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, पुन्हा घातला, आणि मला म्हणाले, जरा बाहेर ये. कँटीनच्या मागे कुंपणाची भिंत आहे, तिच्यापलीकडे अजून भाताची शेतं राहिली आहेत. कापणी चालली होती. बायका ओळीनं वाकून पुढे सरकत होत्या. सर तिकडे बघत बोलले, माझ्याकडे बघितलं नाही.

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर त्यांना मुलगी झाली होती. जन्मली तीच अशक्त, त्यामुळे मायलेकी दोघी दवाखान्यातच होत्या. तरी बारशाची तयारी झाली होती. सरांची बहीण नगरहून पाळण्याचे कपडे घेऊन आली होती, आत्या म्हणून कानात कुर्र करायचा मान तिचा. नाव काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, ठरवलं होतं. आधी फोडायचं नाही म्हणून ते त्यांनी एकट्या सरांच्या कानात सांगितलं होतं. बारशाच्या आदल्या दिवशी मुलगी गेली.

अशा बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात. जागेवर खूण राहिली नाही. घरी येणाऱ्या बायका काकूंना सांगून गेल्या, नाव ठेवलं नव्हतं तेच बरं झालं, नाव ठेवलं की माया लागते. सर मला काकूंविषयी म्हणाले, "नावच नाही म्हटल्यावर तिनं रडायचं तरी कुणाच्या नावानं?"

पुन्हा मूल झालं नाही. ते नाव त्या घरात पुन्हा कधी निघालं नाही, काकूंच्या तोंडून नाही आणि सरांच्याही नाही. काही वर्षांनी कारखान्यात सर्व्हर आला. तो मांडताना स्क्रीनवर एक रिकामी जागा आली, इथे नाव टाका म्हणून. सर म्हणाले की त्यांची बोटं थांबली, आणि मग दुसरं काही टाकताच येईना.

मला घुगऱ्यांवरचं ते हसणं आठवलं. काय बोलावं कळेना. मला असं झालं की मी कामाचं बोलू लागते. म्हटलं, सर, यावर उपाय आहे. नवं नाव देऊ, पण जुन्या नावाचा एक फाटा तसाच ठेवू. कुणी जुन्या नावानं हाक मारली तरी ती नव्या पत्त्यावर पोचेल. वरच्यांना कळणारही नाही. असं सगळीकडे करतात.

सरांनी विचार केला. म्हणजे त्यांनी तो फाटा मनात ठेवून बघितला असणार. मग म्हणाले, "नको. आधीच चोरून ठेवलेलं नाव आहे ते. आता परत चोरून ठेवायचं नाही."

चोरून म्हणजे कुणापासून, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी विचारलं, काकूंना माहीत आहे? त्यांनी मान हलवली. इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. आधी वेळ आली नाही, मग वेळ गेली, असं काहीतरी म्हणाले. मला त्यांचा राग आला. दया यायला हवी होती, पण राग आला, आणि तो मी लपवला नाही. म्हटलं, त्यांनी ठरवलेलं नाव आहे. ते जायच्या आधी त्यांना सांगा, नाहीतर मी या कामाला हात लावणार नाही, मुख्य कार्यालयाला काय करायचं ते करू दे.

काम भाऊबीज उलटल्यावरच्या गुरुवारी ठरलं. आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारची असते. त्याचं मला एरवी सुखच वाटतं, कारण शनिवार-रविवारी भुशी धरणाला जाणाऱ्या गाड्यांनी आमच्या घराचा रस्ता असा तुंबतो की दूध आणायला बाहेर पडायचं म्हणजे यात्राच. त्या गुरुवारी मात्र सुट्टी सोडून मी कामावर निघाले. सरांनी सांगितलं असेल की नसेल, याचा मला अंदाज नव्हता.

ऑफिसच्या जिन्यात सर उभे होते आणि त्यांच्या मागे काकू. तोपर्यंत मी त्यांना कधी भेटले नव्हते. ठेंगण्या, सावळ्या, साडीवर स्वेटर घातलेल्या, कारण सर्व्हरच्या खोलीत गारठा असतो हे सरांनी सांगून ठेवलं होतं. त्या तळेगावातच प्राथमिक शाळेत शिकवायच्या, दिवाळीची सुट्टी चालू होती. माझ्याकडे बघून त्यांनी फक्त मान हलवली. डोळे सुजलेले होते. म्हणजे सांगितलं होतं.

खोली लहान. एक टेबल, त्यावर स्क्रीन आणि कीबोर्ड, दोन स्टुलं, भिंतीवर आतला फोन आणि लोखंडी रॅक. काकूंनी विचारलं, कुठली. सरांनी रॅकमधल्या एका काळ्या डब्याकडे बोट दाखवलं. डबा बघून त्यांना काय वाटलं हे मला सांगता येणार नाही. त्या त्याच्याभोवती फिरून मागे गेल्या. सर्व्हरच्या पाठीमागून सतत गरम हवा येत असते. काकूंनी तिथे हात धरला आणि तो बराच वेळ तसाच ठेवला.

मग त्यांनी मला विचारलं की लोक हिच्याविषयी काय बोलतात. मी सांगत गेले. सकाळी आलो की आधी तिची चौकशी होते. वळवाच्या पावसात वीज गेली की सगळ्यांना पहिली काळजी तिची. तिच्यावर खेकसणारेही आहेत, पण ती दोन दिवस दुरुस्तीला होती तेव्हा सगळ्यांना चुकल्यासारखं झालं होतं. पगाराच्या दिवशी तिची फार मिजास असते. तिला हाक मारतात, ती ओ देते, असंच बोलतात सगळे. काकू मध्येमध्ये थांबवून तेच पुन्हा विचारत होत्या, आणि मी तेच पुन्हा सांगत होते.

"म्हणजे रोज कुणीतरी तिला हाक मारायचं," त्या म्हणाल्या.

"दिवसभर, काकू."

"आणि ती ओ द्यायची?"

"द्यायची."

त्यांनी पदर तोंडाला लावला. रडल्या नाहीत. सरांकडे वळल्या आणि अगदी सरळ आवाजात म्हणाल्या, "इतकी वर्षं तुम्ही एकटेच हाका मारत होतात. मला एकदा तरी आणायचं होतंत."

मग काकूंनी मला सांगितलं की त्यांच्या वर्गात या नावाच्या मुली अधूनमधून यायच्या. हजेरी घेताना ते नाव आलं की त्या वर न बघता पुढे जायच्या. आवाज आला म्हणजे मुलगी हजर, तोंड बघायचं नाही. कित्येकदा वर्ष संपायचं, पण त्या मुलीचा चेहरा नीट बघितलेला नसायचा. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, एखादी जुनी सवय सांगावी तसं सांगितलं.

काम सरांनीच करायचं हे न बोलता ठरलं होतं. ते कीबोर्डसमोर बसले, काकू शेजारच्या स्टुलावर. नाव बदलायला एक ओळ पुरते. सरांनी ती लिहिली, पुन्हा वाचली, आणि बटण दाबलं. या कामात एक गोष्ट अशी आहे की नाव बदललं तरी पडद्यावर आधीपासून उघडी असलेली खिडकी जुनंच नाव दाखवत राहते. आत बदल झालेला असतो, पण त्या खिडकीपर्यंत बातमी आलेली नसते. बाहेर पडून पुन्हा आत आलं, किंवा यंत्र बंद करून चालू केलं, की मगच नवं दिसतं. काळ्या पडद्यावर ते नाव तसंच होतं, आणि त्याच्यापुढे ती लुकलुकणारी रेघ.

"अजून आहे की," काकू म्हणाल्या.

सरांनी त्यांना समजावून सांगितलं. नवा आयपी ॲड्रेस लिहून झाला की यंत्र एकदा बंद करून चालू करायचं, तोवरच ते दिसेल. काकूंनी पडद्याच्या जवळ जाऊन ते नाव वाचलं. इंग्रजी लहान अक्षरांत होतं, तरी त्या एकेका अक्षरावरून नजर फिरवत होत्या. आपण ठरवलेलं नाव कुठेतरी लिहिलेलं त्या पहिल्यांदाच बघत होत्या. मला तिथे थांबवेना. चहा आणते म्हणून मी बाहेर पडले, आणि सुट्टीच्या दिवशी कँटीन बंद असतं हे सरांना माहीत असूनही त्या दोघांनी मला अडवलं नाही.

मी आवारात फिरत राहिले. परत आले तेव्हा नवा नंबर लिहून झाला होता आणि दोघं तशीच बसून होती. सरांचा हात कीबोर्डवर होता, पण चालत नव्हता. काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. ते नाव त्यांनी मोठ्यानं उच्चारलं, एकदाच, आणि सरांना म्हणाल्या, "करा आता."

पडदा काळा झाला. पंख्यांचा आवाज खाली बसला, पुन्हा चढला. पडद्यावर ओळी धावल्या आणि शेवटी ती नवी अक्षरं आली, शून्य एकसकट. सर चष्मा पुसत राहिले.

पुढे कामच काम होतं, आणि ते होतं हे बरं झालं. सर जागेवरूनच एकेका विभागाच्या संगणकात शिरून तिथून तिला हाक मारून बघत होते, मी रॅकच्या मागे शिरून तारा नव्या जागी लावत होते. स्टोअरला ओ आली. पगाराला आली. लेबलांच्या यंत्रांनाही आली. गेटजवळच्या वजनकाट्याचा संगणक मात्र आमच्या दोघांच्याही ध्यानातून गेला होता. सुट्टी असली तरी काटा चालू असतो, कच्च्या मालाची गाडी कधीही येते. त्या संगणकात जुना नंबर थेट लिहून ठेवलेला होता, आणि त्या नंबरावर आता कुणीच नव्हतं.

भिंतीवरचा फोन वाजला. सर उठेपर्यंत तो वाजतच राहिला असता आणि माझे दोन्ही हात तारांत होते, म्हणून मी म्हटलं, काकू, घ्या जरा, सांगा मी आलेच. त्यांनी फोन कानाला लावला. पलीकडे काट्यावरचे भाऊ होते, बेडसे लेण्यांकडच्या एका वाडीतले. ते फोनवरही समोरच्या डोंगराला ऐकू जाईल असं बोलतात, त्यामुळे मला रॅकच्या मागे सगळं ऐकू आलं. काकूंचा आवाज ऐकायच्या आधीच त्यांनी मीच फोनवर आहे असं समजून बोलायला सुरुवात केली होती.

"ताई, ती ओ देत न्हाई. कवाधरनं हाका मारतोय. गाडी हुबी हाय काट्यावर. कुटं गेली ती?"

मी घाईनं बाहेर निघाले आणि फोनसाठी हात पुढे केला. काकूंनी माझ्याकडे बघितलं, पण फोन दिला नाही.

"ती गेली, भाऊ," त्या म्हणाल्या.

"आँ? कवा?"

"लहान होती तेव्हाच."

पलीकडे नुसता गाडीच्या इंजिनाचा आवाज येत राहिला. मग भाऊंनी, कधी नव्हे ते हळू आवाजात, विचारलं, "कोन बोलतंय?"

"तिची आई."

मी पुढे केलेला हात मागे घेतला.